गाडीचं जेवण झालं की निघतो

हळदाळी, उळवीच्या अलीकडं
रविवार सकाळ, बस यायच्या आत

तीर्थरूप शांताआत्तीच्या पायांवर परशूचं डोकं (रिकामं असलं तरी टेकलेलं आहे, मानून घे).

पत्राला उशीर झाला हे आधीच कबूल करून टाकतो. गुरुवारीच लिहायचं होतं, तर पेन नव्हतं. शुक्रवारी पेन मिळालं तर कागद नव्हता. शनिवारी दोन्ही मिळालं तर तुला तोंड दाखवायची हिंमत नव्हती, आणि पत्रात तोंड दिसत नाही हे मला आज सकाळी दात घासताना सुचलं. फोन का केला नाहीस म्हणशील, तर जोयड्याच्या पुढं फोनचा उपयोग फक्त भांग पाडायला होतो. तू बरी असशील, म्हैस त्याहून बरी असेल, कारण तिच्याकडं तू जास्त बघतेस. इकडं मी, तुझा लेक दत्तप्रसाद आणि लखूकाका, तिघंही खुशाल आहोत. जरा जास्तच खुशाल आहोत, तीच अडचण आहे.

तू आम्हाला बजावून पाठवलं होतंस, की दत्तासाठी मुलगी बघायची, चहा-पोहे घ्यायचे, 'कळवतो' म्हणायचं आणि जेवणवेळेच्या आत रामनगरला परत यायचं. पसंती सांगायच्या आधी मुलीच्या घरचं जेवण पोटात गेलं की तो होकारच झाला, मग माघार घेणाऱ्याला चार गावांत कुणी दारात उभं करत नाही, ही आपल्याकडची रीत तू मला तीनदा सांगितलीस आणि लखूकाकांना पाचदा (त्यांना ऐकू कमी येतं म्हणून नाही, भूक जास्त लागते म्हणून). शिवाय तुला हे स्थळ मुळातच नको होतं. दिवसाला दोन वेळा बस येणाऱ्या रानातली सून नको, खानापूरच्या कंत्राटदाराची पाहिजे, हे मला काय, म्हशीलासुद्धा ठाऊक आहे. तर आत्ती, सांगायला वाईट वाटतं, आजच्या घटकेला आपली या घरी सहा जेवणं झालेली आहेत. नाश्ते मी धरलेले नाहीत.

याचा सगळा दोष एका सॉफ्टवेअरला आहे. दत्तानं पुण्याहून ती विजेवरची गाडी आणली. गाडीला मी नावं ठेवत नाही, गरीब जनावर आहे, ओरडत नाही, लाथ मारत नाही. पण तिचा प्रवास आखून देणारं जे सॉफ्टवेअर दत्ताच्या फोनमध्ये आहे तसला आगाऊ प्राणी मी जन्मात पाहिला नाही, आणि गणेशगुडीला राफ्टिंगच्या बोटींवर मी एक सीझन काढलाय, तेव्हा आगाऊ प्राणी मी पुष्कळ पाहिलेत. (तिथं एक साहेब काळी नदीला विचारत होते की ही पुढं किती वाजता शांत होते. ते राहू दे.) आपण कुठं जायचं तर पायात चप्पल घालतो आणि निघतो. दत्ता बुधवारी दुपारपासून फोन घेऊन बसला होता. ते सॉफ्टवेअर विचारतं, माणसं किती, त्यांची वजनं किती, हवा किती गरम, वारा कुठून, पोचल्यावर बॅटरीत किती टक्के शिल्लक पाहिजेत. मुलीचे आईबापसुद्धा एवढी चौकशी करत नाहीत. लखूकाकांना वजन विचारलं तर म्हणाले, साठ. (ते साठ किलोचे होते तेव्हा माझा जन्म झाला नव्हता.) सॉफ्टवेअरनं मुकाट मानलं. तिथंच मी ओळखलं, ज्याला लखूकाका साठ किलोचे वाटतात त्याला पुढचा घाटही सपाटच वाटणार.

मग त्यानं रस्ता काढला. एक निळी रेघ, सरळ, सुपा धरणाच्या पाण्यातून. धरणात गावं बुडाली तेव्हा जुना रस्ताही बुडाला हे तालुक्यातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे, आता त्या रस्त्यावरून मासे ये-जा करतात. मी म्हटलं, "दत्ता, हितं पाणी हाय." तो म्हणाला, "परशू, तू नववी नापास हायस." (मी नापास नाही, सोडलेला आहे. नापास व्हायला परीक्षेला बसावं लागतं.) शेवटी लखूकाकांनी "मला पवता येत न्हाई" म्हणून जाहीर केलं तेव्हा कुठं जोयड्यावरून जायचं ठरलं.

तरी सॉफ्टवेअरची खुमखुमी जिरली नव्हती. आपल्या घरच्या प्लगवर रात्रभर लावून गाडी छप्पन्न टक्के भरली होती. तेवढ्यावर सुखानं पोचलो असतो. पण ते म्हणालं, वाटेत गणेशगुडीला वळा, तिथल्या एका लॉजवर चार्जिंगची सोय आहे, चार तारे. वीस-बावीस किलोमीटर वाकडे गेलो. ते चार तारे कुणीतरी तिथल्या कांदाभजीला दिलेले होते, आणि चार्जिंगची सोय म्हणजे जेवणाच्या टेबलाखाली मोबाइलसाठी लावलेला बोर्ड. गाडी टेबलाखाली शिरली नाही. म्हणजे बघ, घागर घेऊन पाण्याला जायचं, घागरीतलं होतं तेही वाटेत पिऊन टाकायचं, आणि विहीर कोरडी बघून परत यायचं. याला म्हणे नियोजन. मी कॅसलरॉकच्या फलाटावर तीन महिने चहा विकलाय, तिथं गाडी कधी येणार हे मास्तरसुद्धा छातीठोक सांगत नाही, 'निघालीया' एवढंच सांगतो, आणि लोक त्यावर विश्वासानं बसून राहतात. या सॉफ्टवेअरला मिनिटं पाहिजेत. दहा वाजून तेहेतीस मिनिटांनी पोचाल, एकतीस टक्क्यांवर. वाटेत रस्ता खणून ठेवलाय, बांबू आडवा पडलाय, एक गवा मधोमध उभा राहून विचार करतोय, हे त्याच्या गावीही नाही. गव्याला तेहेतीस मिनिटं कोण समजावणार?

उळवीची जत्रा तोंडावर आलीय, त्यामुळं घाटावरच्या बैलगाड्यांची रीघ लागलेली. त्या गाडीवानांच्या खिशात सॉफ्टवेअर नाही. कुठल्या ओढ्याला पाणी, कुणाच्या खळ्यावर कडबा, कुठल्या झाडाखाली जू उतरवायचं, सगळं ठरलेलं. आजा थांबला तिथं नातू थांबतो, आणि बैल तर न सांगता थांबतात. आमचा दत्ता एसी बंद, काचाही बंद (वारा आत आला की टक्के जातात म्हणे), घामानं निथळत पंचवीसच्या वेगानं चाललेला. एका चढावर टक्के सातवरून चारवर आले तसा घाबरून कडेला थांबला. मागून आलेल्या एका म्हाताऱ्या गाडीवानानं खाली उतरून आमच्या गाडीच्या पुढं बघितलं, मागं बघितलं आणि कानडीत विचारलं, "एत्तु येल्ली?" बैल कुठं आहेत म्हणून. लखूकाका म्हणाले, "तीन हायत. आत बसल्यात."

दोन वाजता इथं पोचलो. तीन टक्के. अंगणात गाडी शिरताच सॉफ्टवेअरनं फोनवर रंगीत कागद उधळले, प्रवास यशस्वी. मुलीचे वडील अर्जुनकाका साडेदहापासून टोपी घालून बसलेले, आणि आई फुलाकाकूंनी पोहे तीनदा गरम केलेले. पण बघण्याचा कार्यक्रम बाजूलाच, आधी वायर ओढायची घाई. घरात मोठा प्लग नाही, सुपारीच्या बागेतल्या पंपाच्या खोलीत आहे, तिथून वायर अंगणात आणली. दत्ता ओसरीवर येऊन बसला, मुलगी, म्हणजे राजेश्वरी, समोर पाटावर बसली, आणि फटकन फ्यूज उडाला. दत्तानं फोन काढला. रेंज नाही. तोवर ती पोरगी पाटावरून उठली, नेसत्या साडीनं पंपाच्या खोलीत शिडीवर चढली, फ्यूजला तार घातली, हात पदराला पुसले आणि परत पाटावर येऊन बसली. म्हणाली, "हां, इचारा फुडं." दत्ता काय विचारणार होता ते त्याला अजून आठवलेलं नाही.

आता जेवणाचं. खरंच सांगतो आत्ती, आम्ही साफ नाही म्हणालो. मी दोनदा म्हणालो, लखूकाका एकदा (बारीक आवाजात). त्यावर राजेश्वरीच आतून म्हणाली, "तुमची गाडी आमच्या घरात जेवतीया, मग तुमीच का उपाशी बसलायसा?" हा मुद्दा बिनतोड होता. गाडी आपली, वीज त्यांची, म्हणजे रीत मोडली का? सगळे लखूकाकांकडं बघायला लागले, कारण तेच आमच्यातले वडीलधारे. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि निवाडा दिला, "विजेला खरकाटं न्हाई. खरकाटं न्हाई ते जेवाण न्हवं. गाडीचं धरायचं न्हाई." मला वाटलं सुटलो. मग म्हणाले, "पर पाव्हण्याला उपाशी ठिवल्याचं पाप त्यास्नी कशाला?" आणि पाटावर बसलेसुद्धा. कोनफळाची भाजी, नाचणीची भाकरी, तांबड्या मुंग्यांची चटणी, आमसुलाची कढी. चटणी मी तीनदा घेतली. (मुंग्या झाडावरून कशा उतरवतात ते परत आलो की सांगतो, मोठी गंमत आहे.)

एरवी तीनशेसाठ दिवस इथं वीज फुकट जळत असते, पण आम्ही आलो आणि दीड तासात गेली. शुक्रवारी कळलं, कुठंतरी तारांवर झाड पडलंय. लाइनमन दुपारपर्यंत झाड शोधत होते, म्हणजे झाडं पुष्कळ होती, पडलेलं एकच होतं. सॉफ्टवेअर मात्र खुशाल दाखवतंय, सहा तास चाळीस मिनिटांत निघा. दर तासाला सहा तास चाळीस मिनिटं. शनिवारी पहाटे वीज आली, दुपारी बारापर्यंत बासष्ट टक्के झाले, निघायची तयारी झाली, आणि चार वाजता बघतो तर एक्केचाळीस! घाटासाठी पन्नास तरी पाहिजेत. बॅटरीला भोक पडलं असावं. परत वायर लावली. जेवलो.

तर आमचा यात काडीचा दोष नाही. गाडीचं जेवण झालं की निघतो. म्हशीच्या पाठीवरनं हात फिरव.

तुझा आज्ञेतला,
परशू

ता. क. दत्ता ओढ्यावर आंघोळीला गेलाय, तेवढ्यात खरं सांगतो. वरचा मजकूर गाडीवर ढकलून लिहायचा ही त्याची अट होती (शिव्या माझ्या). बॅटरीला भोक नाही. शनिवारी दुपारी मी त्याला गाडीत बसलेला पकडला, काचा बंद, एसी फुल्ल, भर उन्हात पुढचे दिवे लावलेले, वायपर चालू, सीट गरम करायचं बटणसुद्धा दाबलेलं, घामानं आणि थंडीनं एकदमच मरायला टेकलेला. टक्के खाली आणत होता. निघायला लागू नये म्हणून. जे सॉफ्टवेअर वाऱ्याची दिशा विचारतं त्याला एवढं साधं विचारायचं सुचलं नाही, की बाबा, तुला जायचंय का?

ता. क. दुसरा. राजेश्वरीनंही पकडलं. काचेवर टकटक केली आणि म्हणाली, "ऱ्हायचं आसंल तर तोंडानं सांगा की, बॅटरी कशाला मारतायसा?" दत्ता तांबडालाल. वायपर तेवढा बंद केला. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "मी अजून व्हय म्हटल्यालं न्हाई, ध्यानात ठेवा. पर त्यांच्या आईचं काय ते कळू दे." आत्ती, अकरा मुली बघितल्या त्यानं. अकराही वेळा तूच बोललीस, तो फोनमध्ये बघत होता. इथं फोन चालत नाही, तर माणूस वर बघायला लागलाय. अर्जुनकाकांना आज संध्याकाळी राजेश्वरीला मागणी घालणाऱ्या यल्लापूरच्या पाव्हण्यांना शब्द द्यायचाय. आमची सहा जेवणं त्यांनी तोंडावर फेकलेली नाहीत, पण ते तरी किती थांबणार? म्हणून विनंती एवढीच की हे पत्र वाचलंस की लगेच दुपारच्या बसला महाबळेश्वर कंडक्टरकडं एक शब्द दे. लांबण लावू नकोस, 'व्हय' एवढाच. नसेल द्यायचा तर खानापूरची आण, पण मग या पोराला घरी न्यायला बैल पाठव, कारण चार्जिंग कधीच पुरं होणार नाही.

ता. क. तिसरा. बस आली. पाकीट नाही, असंच घडी करून देतो. थांब, महाबळेश्वर कुणालातरी हात देऊन उतरवतोय. छत्री, हिरवं लुगडं, कपाळाला आठी. आत्ती, ही तर तू! (यानंच तिकडं सगळं सांगितलेलं दिसतंय.) लखूकाका ताटलीसकट गोठ्यात गेले. दत्ता टॉवेलवर ओढ्याकडनं येतोय, त्याला तू अजून दिसलेली नाहीस. मी ओसरीवर बसून लिहितोय, कारण लिहिणाऱ्याला लोक सहसा मारत नाहीत. तू गाडीकडं बघितलंस, वायरीकडं बघितलंस, पंपाच्या खोलीकडं बघितलंस. राजेश्वरी पुढं झाली, तुझ्या हातातली पिशवी घ्यायला. ती पिशवी तू आजवर सख्ख्या लेकाला धरायला दिलेली नाहीस.

दिलीस की गं.