शुक्रवारची सुट्टी

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्याचा सादर नमस्कार.

माझी प्रकृती उत्तम असून जेवणखाण वेळेवर होते, काळजी नसावी. तुझा गुडघा आता कसा आहे? भाऊजी पथ्य पाळतात ना?

कारखान्यात मागणी फार घटली आहे. माझ्या विभागातील दोघांना कमी करण्याची सूचना आली होती. त्याऐवजी माझ्यासह सर्वांनी दर शुक्रवारी बिनपगारी सुट्टी घ्यावी, असे मी सुचवले. वरिष्ठांनी ते तूर्त मान्य केले आहे.

या रिकाम्या दिवसाचे कोण काय करणार, याचे मला कुतूहल वाटले. चहाच्या वेळी विचारले. फिटर वायरिंगचे काम शिकणार आहे. म्हणाला, "उद्या इथलं सगळंच थंडावलं तर हाताशी काहीतरी हवं, साहेब." टायपिस्टबाई म्हणाल्या, "मी तर आधी मनसोक्त झोपणार. पुढचं उठल्यावर बघू!" सगळे हसले. मग बाईंनीच विचारले, "आणि तुम्ही हो?"

मी घड्याळ दाखवून सर्वांना कामाला पाठवले. तुझी भावजय होती तोवर सुट्टीचे बेत तीच आखत असे. मी पिशवी धरून मागे चालत असे. ती गेल्यापासून रविवारच सरता सरत नाही, आणि त्यात हा आणखी एक दिवस मी स्वतः मागून घेतला आहे.

ताई, लहानपणी शाळेला सुट्टी लागली की मी दिवसभर काय करत असे, हे तुला आठवते का? अवश्य कळवावे. येत्या शुक्रवारी तेथूनच सुरुवात करीन म्हणतो.

मुलांना आशीर्वाद.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
तुझा धाकटा भाऊ