मुंग्या आल्यात रे पायाला

आई, इतक्या वर्षांनी तुझ्या कुत्र्याबद्दल लिहायचं आहे. तू गेलीस आणि तो हाकेला ओ देईना. बेल वाजली तरी उठायचा नाही, ताटली वाजवली तरी मान वर करायचा नाही. दुपारभर दाराकडे तोंड करून बसायचा. आम्ही म्हणालो, सुतकात आहे बिचारा. खालच्या मजल्यावरच्या गुजराती काकींनी तर त्याला हातच जोडले. "बा के बिना इसका मन नहीं लगता," म्हणाल्या. आत्या भेटायला आली की मी मुद्दाम त्याला हाक मारून दाखवायचो, बघ, आईशिवाय कुणाचं ऐकत नाही. खरं सांगू, मला त्याचा हेवा वाटायचा. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेलो होतो, आणि आपल्या इंद्रलोक वसाहतीच्या गेटपाशी सापडलेलं हे तुझं शेंडेफळ आठ महिने शोक पाळत होतं.

मग एका संध्याकाळी मी कामावरून आलो तर तो पॅसेजमध्ये आडवा पसरलेला. दोनदा हटकलं, हलेना. दिवसभराचा वैताग होताच. वाकून त्याची मान धरली, तसा तो दचकून उठला आणि माझ्या हाताला कडकडून चावला. हात माझा आहे हे कळल्यावर सोफ्याखाली शिरला, तो रात्रीपर्यंत बाहेर येईना. दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांनी त्याच्या पाठीमागे जाऊन किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला. त्याचा कानसुद्धा हलला नाही. "ठार बहिरा आहे," ते म्हणाले. "दीड-दोन वर्षं तरी झाली असणार. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" यावर औषध नाही म्हणाले. झोपेत हात लावू नका, समोरून जा, आणि बाहेर पट्टा कधीही सोडू नका.

दीड-दोन वर्षं. म्हणजे तू होतीस तेव्हापासून. परतताना रिक्षेत मला सगळं दिसायला लागलं. तू स्वयंपाकघरातून येतेस, तो झोपलाय तिथून दोन हातांवर थांबतेस आणि टाच आपटतेस. फरशी हादरते, तो डोळे उघडतो, तू पदर हलवून त्याला बोलावतेस. मी पेपरातून डोकं काढून ओरडतो, "आई, खालच्यांच्या डोक्यावर नाचतेस का?" तू म्हणतेस, "मुंग्या आल्यात रे पायाला." वर्षभर तुझ्या पायाला मुंग्या येत होत्या, आणि मी तुला व्हिटॅमिनच्या गोळ्या आणून दिल्या. त्याही तू मुकाट्यानं गिळल्यास. का लपवलंस, तेही आठवलं. त्यानं गादी ओली केली त्या दिवशी मी म्हणालो होतो, "आता याचं आणखी एक दुखणं निघालं ना, तर सरळ उत्तनच्या किनाऱ्यावर सोडून येईन. वाळत घातलेले बोंबील खाईल आणि सुखात राहील." तू मेथी निवडत होतीस, मान वर केली नाहीस. मी चेष्टेत म्हणालो होतो, असं नंतर कित्येक दिवस मी स्वतःला सांगत होतो.

मग मीही टाच आपटायला लागलो. माझ्या टाचेनं तो घाबरून उठायचा आणि कोपऱ्यात जायचा. तुझ्या आणि माझ्या टाचेत काय फरक होता, देव जाणे. नवा मोबाइल घेतला होता, त्याचे सगळे रिंगटोन त्याच्या कानाशी वाजवून पाहिले. ढिम्म. हिला धास्ती, "उद्या पोरीला चावला म्हणजे?" तिचंही चूक नव्हतं. एका दुपारी मी त्याच्यासमोर मांडी घालून बसलो. तुला नेलं तेव्हा त्याला गॅलरीत कोंडलं होतं, आमचं रडणंही त्याच्यापर्यंत पोचलं नसणार. त्याला सांगणार कोण? "आई गेली रे," मी म्हणालो आणि रिकामे तळवे दाखवले. त्यानं ते हुंगले, चाटले, आणि पुन्हा दाराकडे तोंड करून बसला.

त्यानंतरच्या रविवारी, हवा खायला नेतो असं हिला सांगून, मी त्याला रिक्षेनं उत्तनला नेलं. वाळूत पट्टा सोडला. तो वासामागे निघाला. मासळी उलटत बसलेली एक बाई म्हणाली, "लांब चाललाय तो. तुमचाच हाय ना? हाक मारा की." मी मारली. चांगली मोठ्यानं, दोनदा. "ऐकत न्हाय," ती म्हणाली. "नाहीच ऐकत," मी म्हणालो आणि थांबवून ठेवलेल्या रिक्षेकडे चालू लागलो.

घाबरू नकोस, त्यानंतर दोन वर्षं तो आपल्याच घरात होता आणि घरातच गेला. हिला अजून वाटतं, मी त्याला त्या दिवशी समुद्र दाखवायला नेलं होतं. तुझा पत्ता असता तर हे लिहिलंच नसतं. तुला वाटेल, पोराचं मन द्रवलं आणि पोर मागे फिरलं. तसंच सांगून टाकावं असं मलाही फार वाटतं. पण मी रिक्षेत बसलो होतो, आई. "चलो" म्हणालोसुद्धा होतो. रिक्षावाल्यानं वळून विचारलं, "साहब, कुत्ता?" त्याच्यासमोर लाज वाटली, म्हणून उतरलो.