खालच्या तुकड्यातली पांढरी माती

१२ मे
खालचे वीस गुंठे परत पांढरे पडले. मीठ भुरभुरल्यासारखे. कुरुळीतलं आमचं एवढंच रान उरलंय. अण्णा म्हणाले, "पोळ्यापर्यंत हिरवं दिसलं न्हाई तर कंपन्यांचे ट्रेलर उभे करायला भाड्यानं देतो." म्हटलं, देऊन दाखवा. "गप, दीड वर्षाच्या साहेबा." कॉलेज अर्धवट सोडलं ते रोज भाकरीबरोबर वाढतात.

१४ मे
चाकणला माती तपासायला. टेबलामागं पल्लवी नावाची मुलगी. (यापुढं प.) गोणी बघून म्हणाली, "युरियाच्या गोणीत माती आणलीत? मग मी तपासू काय, युरिया?" मागचे दोघं हसले. मला राग यायला हवा होता. आलाच नाही.

१९ मे
नवी कापडी पिशवी. प. : "ही तर नुसती वरची साय खरवडलीय. वीतभर खोल खणा, आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करा." म्हणजे अजून एक फेरी. देव आहे.

२७ मे
रिपोर्ट. खार भरपूर, पण जमीन मेलेली नाही, प. म्हणाली. "वरचं पाणी उतरून तिथंच साचतं ना? ते उन्हानं उडतं, मीठ मागं राहतं. पूर्वी चर असेल बघा." होता की. मी त्यात खेकडे धरलेत. आता त्यावर वरच्या गोडाऊनचा भराव.

२८ मे
गोडाऊनच्या मॅनेजरची कॉलर धरायला गेलो. आमचा चर का बुजवला? तो शांत. "भाऊ, जागा विकताना तुमच्या वडिलांनीच बुजवून दिला. सपाट दिसावी म्हणून." वर चहा पाजला. प्यालो. काय करणार.
घरी विचारलं. अण्णा बराच वेळ चप्पल शोधत राहिले. पायातच होती.

२९ मे
सकाळी बघतो तर अण्णा रानात, टिकाव घेऊन. भराव सोडून, आमच्या बांधाकडेनं नवा चर, थेट ओढ्यापर्यंत. "बघतो काय, साहेब? घमेलं आण."

११ जून
चर झाला. प.ला फोटो पाठवला. चराचा. हाताच्या फोडांचा नंतर, सहज. उत्तर : "धैंचा पेरा, हिरवळीचं खत होतं. फुलायच्या आत मातीत गाडा." फोडांबद्दल काही नाही. मग दहा मिनिटांनी : "हळद लावा."
हळद लावली. फोड नव्हते तिथंही.

४ जुलै
चरातून गढूळ पाणी धो धो. अण्णांनी बोट बुडवून चाखलं, थुंकले, हसले. "खारं हाय. जाऊ दे निघून."

१९ जुलै
धैंचा गुडघ्याला लागला. मधली दोन टक्कलं मात्र पांढरीच. ट्रेलरवाल्याला अण्णा फोनवर, "पोळा हू दे, मग बघू." म्हणजे नाही म्हणाले नाहीत अजून.
प. उद्या स्वतः नमुना घ्यायला येतेय. मी आणतो म्हटलं तर, "नको, तुमच्या पिशव्यांचा भरवसा नाही."
अण्णा सकाळपासून बांध झाडतायत. शेताचा बांध.
"माती बघायला येत्यात नव्हं?"
"व्हय, मातीच."
"मग त्या टक्कलांकडनं नेऊ नको."
तिथूनच नेणार. आधी तीच दाखवणार.