फुकटची मोकळी जागा

ती. दाजी यांस,

साष्टांग नमस्कार. तुमचा कॅल्क्युलेटर मला फुकटात मिळाला असं ताई सगळ्यांना सांगत असते, म्हणून आधी त्याचा खरा खर्च कळवतो. बॅटऱ्यांचे दोन जोड, हातभर पितळी पत्रा, एक वकील (गिऱ्हाईक म्हणून कायमचा गेला) आणि सौ.चं जेवताना माझ्याशी बोलणं. त्यातलं बोलणं परवापासून परत सुरू झालंय, पण जे बोलते ते तुम्हाला लिहिण्यासारखं नाही. बाकी इकडे सगळे ठणठणीत. तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईला म्हणावं, दवाखान्याच्या उद्घाटनाला जिना नाही, तळमजलाच आहे. आणि हो, दाराशी झाडंबिडं ठेवायचा काही विचार आहे का? सहज विचारलं.

रविवारी तुमची लेक दातांची डॉक्टरीण म्हणून स्वतःचं दार उघडणार, आणि त्या दारावरची पाटी मामाची, हे तिच्या कॉलेजच्या पहिल्या दिवशीच ठरलं होतं. दाजी, मी फुटपाथवर बसून चाव्यांच्या बिल्ल्यांवर नंबर कोरायचो तेव्हापासून तुम्ही मला ओळखता. आज माझं स्वतःचं दुकान आहे, आणि या दुकानातून गेलेली एकही पाटी आजवर परत आलेली नाही. ही बढाई नाही, गिऱ्हाइकांना विचारा. (वकिलाला सोडून. त्याची पाटी गेलीच नाही, तोच गेला.)

मला त्या यंत्राची गरज नव्हती. पण मागच्या खेपेला तुम्ही ते माझ्या हातात ठेवलंत, "यात पाटीचा प्रोग्रॅम घालून दिलाय, पत्र्याची लांबी सांग, नाव सांग, कोणतं अक्षर कुठे बसवायचं ते तोच सांगेल," असं म्हणालात, आणि मी चपला शोधायला बाहेर गेल्यावर आत ताईला म्हणालात, "याला काही ते जमायचं नाही." माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. कोरणी पत्र्यावर केसभर घसरली तरी मला आवाजावरून कळतं, तुमचं कुजबुजणं तर भिंतीला हादरे देतं. म्हटलं, आता भाचीची पाटी यावरच होणार.

पहिल्या दिवशी सरावाला त्या वकिलाची पाटी घेतली. यंत्राने लांबी विचारली, ती दिली. नाव विचारलं. आता नाव सांगायचं म्हणजे काय, तोंडाने सांगितलं असतं तर एव्हाना दहा पाट्या झाल्या असत्या. पण यात प्रत्येक इंग्रजी अक्षराआधी एक लाल बटण दाबायचं. ते विसरलं की अक्षराच्या जागी साइन नाहीतर कॉस उमटतं. वकिलाच्या नावात दोन साइन आणि एक वर्गमूळ आलं, आणि तो समोर बसून घड्याळ बघतोय. सौ. गल्ल्यावरून म्हणाली, "अहो, नाव विचारल्यावर माणूस नाव सांगतो. तुम्ही काय कुलूप फोडताय?" शेवटी वकिलाचं नाव धड बसलं, तर यंत्र म्हणतं, अक्षरं शून्य. आणि खाली, शून्याने भागता येत नाही. वकील ते वाचून उठला. मी माझं नाव घालून पाहिलं, शून्य. सौ.चं, शून्य. बँकेच्या मॅनेजरचं घातलं, तेही शून्य, तेव्हा जरा बरं वाटलं. मग राग आवरेना म्हणून तुमचं घातलं, दाजी. तुम्हीही शून्यच. एवढी वर्षं गणित शिकवून!

हे कोडं सोडवलं जमिनीची मोजणी करणाऱ्या बाईंनी. त्या स्वतःची पाटी न्यायला आल्या होत्या. त्यांनी चार बटणं दाबली आणि हसायलाच लागल्या. "काका, हा तुमचं नाव ऐकतच नाहीये. याला आकडा हवाय. याच्या लेखी प्रत्येक अक्षर म्हणजे आकडे ठेवायचा एक डबा, आणि अक्षरं शेजारी आली की डब्यांचा गुणाकार. तुमचे डबे रिकामे, म्हणून सगळं गाव शून्य. प्रोग्रॅम कुणी लिहिलाय?" मी तुमचं नाव सांगितलं नाही. घरातली गोष्ट आहे. पण दाजी, माणसाचं नाव विचारायचं आणि आकडा ठेवायच्या डब्यात कोंबायचं, हे तुमच्यासारख्याला शोभतं का?

बाईंनी एक ओळ बदलून डबा मजकुराचा केला आणि बजावून गेल्या की नाव अवतरणचिन्हांत लिहायचं, म्हणजे त्याला कळतं की हे अक्षरशः घ्यायचंय. मी एकदा सुरुवातीचं चिन्ह विसरलो तर म्हणे सिंटॅक्स एरर, म्हणजे वाक्यरचना चुकली. नुसतं आडनाव लिहिलं होतं, त्यात वाक्यच नव्हतं, रचना कुठून चुकणार? पण हरलो नाही. भाचीचं नाव, तुमचं नाव, आडनाव, सगळं अवतरणचिन्हांत बसवलं. यंत्राने अक्षरं मोजली, बरोबर. दोन अक्षरांमधलं अंतर सांगितलं, तेही झकास. मी एका बैठकीत पाटी कोरली. काल मी जेवायला घरी गेलो असताना भाचीचा सुतार येऊन ती घेऊनही गेला. तर सांगायचं एवढंच, की मला जमलं. ताईच्या कानावर घाला.

तुमचा मेहुणा

ता. क. झाडाचं विचारलं ते अगदीच सहज नव्हतं. तुम्हाला माहीत आहे, आमच्याकडे पैसे अक्षरावर असतात, दोन शब्दांमधली मोकळी जागा फुकट. जी फुकट ती मी आयुष्यात कधी मोजली नाही, म्हणून यंत्रातही घातली नाही. नाव सलग लिहिलं. कोरताना मात्र हाताने सवयीने तीन नावांच्या मधे दोन्हीकडे जागा सोडली. त्यामुळे आडनावाची शेवटची दोन अक्षरं पत्र्यात मावली नाहीत. पाटी कागदात गुंडाळून, तोंड भिंतीकडे करून ठेवली होती, नवी करायचा विचार होता. सौ.ने तशीच सुताराच्या हाती दिली. तसा जाड पत्रा आता सोमवारशिवाय मिळत नाही. तेव्हा शनिवारी येताना मोठ्या पानांचं, छातीभर उंचीचं एक झाड आणा आणि दाराच्या उजव्या अंगाला ठेवा. लोकांना वाटेल, उरलेली अक्षरं पानांमागे आहेत. आणि ताईने विचारलंच तर प्रोग्रॅम चुकला असं सांगा. तसा तो आधी चुकलाच होता.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो एवढ्यात तुमची डॉक्टरीण स्वतः दुकानात आली, काखेत कागदात गुंडाळलेलं पुडकं. म्हणाली, "मामा, शेवटचे दोन पडलेत. कवळी बसवून मिळेल का?" सौ. एवढी हसली की तिला स्टूल द्यावं लागलं. रविवारी दारावर पुठ्ठ्याची पाटी लागेल, रंग मी देतोय, अंतर डोळ्याने. झाड आणू नका. पाटी परत आली आहे.