आगाऊ कर आणि बाबांचं खरं वय

६ जुलै, सोमवार
मी बाबांचं आयकर रिटर्न भरायला बसले आणि खाली ही ओळ — आगाऊ कर भरला नाही म्हणून व्याज, सहा हजार दोनशे चौदा रुपये! बाबा भडकले. "भरतोय ना आता? मग दंड कसला?" गंमतच आहे. वर्ष संपायच्या आत, अंदाजाने, हप्त्याहप्त्याने कर द्यायचा. बाबांना वाटलं, धायरीच्या फ्लॅटचं भाडं आणि ठेवींचं व्याज काय, जुलैत बघू.

७ जुलै
नियम वाचत बसले. साठी झालेली असली आणि धंदा-व्यवसाय नसला, तर आगाऊ कर माफ! पण मार्चअखेर बाबा कागदावर एकोणसाठ.

"कागदावर!" बाबा उसळले. "शाळेत घालताना मास्तरांनी दिला ठोकून एक जून सहासष्ट. मी चौसष्टचा, नऊ ऑक्टोबर." आजी सांगायचीच — पानशेतच्या पुरानंतर तिसऱ्या वर्षी माझा श्रीधर झाला. जाईपर्यंत त्याच तारखेला ओवाळलं तिने त्यांना.

"सहा हजार गेले खड्ड्यात, तनया. मला माझं खरं वय एकदा कागदावर बघायचंय." एवढे हळवे होतील असं वाटलं नव्हतं.

१० जुलै
महापालिकेत जन्म-मृत्यूच्या खिडकीवर. तिथले वैजनाथ म्हणाले, "अर्ज ठेवा. मंगळवारी या. जेवणाच्या वेळेत नको."

१४ जुलै, मंगळवार
सापडलं!! ९ ऑक्टोबर १९६४. मुलगा. आई दुर्गाबाई, सदाशिव पेठ. नावाचा रकाना रिकामा — बारशाआधीच नोंद केलेली. मी ओरडलेच.

वैजनाथांनी चष्म्यावरून पाहिलं. "थांबा. शाळेची तारीख लिहिलीत म्हणून सहासष्टचंही काढलं. चोवीस मे, मुलगा. तेच आईवडील, तोच पत्ता. तुमचे वडील यातले कोणते?"

बाबा तर एकुलते एक! मग दुसरा कुठे गेला? घरी काही बोलले नाही. मृत्यूच्या नोंदीसाठी अर्ज टाकून आले.

१५ जुलै
बाबांचे माझ्या ऑफिसात तीन फोन. "सापडलं का गं?"

१७ जुलै
मृत्यूची नोंद मिळाली. मार्च १९६५. वय पाच महिने. नाव — श्रीधर.

म्हणजे नऊ ऑक्टोबर बाबांचा नाहीच. थोरल्या भावाचा. नावही त्याचंच.

नोंद मिळत नाही, असं बाबांना सांगितलं. "बघ! एक काम धड येत नाही यांना." हो म्हटलं. व्याज भरून टाकलं.