विनंतीवरून बदल

गुरुवार, ता. ९

चि. छोटीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत. तूही ठीक असशील असं धरून चालतो. धरून चालण्याखेरीज दुसरा मार्ग तू ठेवलेला नाहीस, किंवा आम्ही ठेवलेला नाही, कसंही म्हण.

फोनवर बोलायचं नाही, भेटायचं नाही, असं तुझ्या आणि माझ्या दोन्ही वकिलांनी बजावलंय. पत्राबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. आजकाल कुणी पत्र लिहील हे त्यांच्या डोक्यातच आलं नसावं. एकतीस वर्षं पोलीस ठाण्यात रायटर म्हणून काढली, लोकांचे जबाब लिहून लिहून बोटाला घट्टा पडला. एवढी पळवाट मला दिसणारच.

आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता तिला स्वच्छ दिसतं, त्यामुळे घरात किती धूळ आहे हे मला दिवसातून दहादा ऐकावं लागतं. वहिनी पुन्हा प्रयोगशाळेत कामावर जायला लागली. दिवसभर रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवते आणि घरी आली की कुणाशी बोलत नाही. तुझ्या खोलीत सध्या दाव्याचे कागद आहेत. पलंगावर, टेबलावर, कपाटात. कपाटाचं दार लागेनासं झालंय.

दाव्याबद्दल लिहायलाच हवं. वादी क्रमांक एक मी, दोन वहिनी. प्रतिवादी सगळे त्या दिवशीच्या मोर्चाच्या मंचावरचे: क्रमांक एक ते पुढारी, दोन तो गायक, तीन त्या प्राध्यापिका, चार तू. दादावर ज्याने गोळ्या झाडल्या तो धावून आलेल्या पोलिसांच्या गोळीने तिथेच मारला गेला. वकील म्हणाले, "मेलेल्यावर समन्स कुठे बजावणार? ज्यांनी डोकी भडकवली ते जिवंत आहेत." त्यांनी प्रतिवादींची नावं घातली तेव्हा मी समोर बसलो होतो. "हिला वगळा" असं म्हणालो नाही. उलट मसुद्यात तुझी जन्मतारीख चुकली होती, ती मी दुरुस्त करून दिली. सवय, दुसरं काय.

ज्याच्यासाठी तुमचा मोर्चा होता त्या रंगाऱ्याला पोलीस कोठडीत मारून टाकलं, हे मला तुझ्याआधी कळलं होतं. निवृत्त झालो तरी कान शाबूत आहेत. मारायला नको होतं, हे मीही म्हणतो, घरात म्हणतो. तुमचा मोर्चा निघाला याबद्दल माझी तक्रार नाही. पण मंचावर उभं राहून तू म्हणालीस, "यांना आता सुखाची झोप लागता कामा नये." यांना म्हणजे कुणाला गं? तुझ्या घरात एक निवृत्त पोलीस आणि एक नोकरीतला असे दोन 'हे' जेवायला बसत होते. तू बोललीस आणि तासाभरात तुझा भाऊ गेला. त्या माणसाच्या फोनमध्ये तुझं भाषण सापडलं. इतर शंभर गोष्टी सापडल्या, त्यात तेही होतं.

मुद्द्याचं लिहितो. वकील म्हणतात, तू दोन ओळींचा जाहीर खेद लिहून दिलास तर तुझं नाव दाव्यातून काढता येईल. सोमवारी, वीस तारखेला, माझी उलटतपासणी आहे. तुझे वकील मला विचारणार, मी सांगणार. त्याच्या आत लिहून दिलंस तर बरं. बाप पिंजऱ्यात आणि मुलगी समोर, असा तमाशा लोकांना दाखवायची मला हौस नाही.

आणि एक. माझं प्रतिज्ञापत्र तुला मिळालंच असेल. ते वाचून डोकं पिकवून घेऊ नकोस, विशेषतः नऊ नंबरचं कलम. वकिली भाषा असते ती. तिला फार अर्थ नसतो.

आईचे आशीर्वाद आहेतच. तोंडाने म्हणत नाही एवढंच.

तुझे बाबा

---

मंगळवार, ता. १४

ती. बाबांना,

नमस्कार. पत्र मिळालं. आईच्या डोळ्याचं मला शेजारच्या काकूंकडून कळलं होतं. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या खालच्या औषधाच्या दुकानात मी होते. माझ्या ओळखीचं दुकान आहे, काउंटरमागे उभी राहिले. तुम्ही थेंबांची बाटली न्यायला आलात आणि सुटे पैसे नाहीत म्हणून त्या मुलीवर खेकसलात. मी बाहेर आले नाही.

खेद मला आहे, बाबा. ते वाक्य मी रोज मागे घेते. कामावर औषधाच्या गोळ्या पाकिटात भरताना, आंघोळ करताना, कधीही. पण वकिलांसाठी लिहून दिलं तर त्याचा अर्थ होईल की दादा माझ्यामुळे गेला. तसं असेल तर तुम्ही मला तोंडावर सांगा. त्यासाठी वर्तमानपत्र कशाला?

नऊ नंबरचं कलम वाचू नकोस म्हणालात, म्हणून तेच आधी वाचलं. माझ्या लहानपणापासून तुमचं हेच चुकत आलंय. त्यात लिहिलंय, 'मयताने स्वतः विनंती करून मोर्चाच्या बंदोबस्तावरून आपली ड्यूटी बदलून घेतली, कारण सख्ख्या बहिणीच्या चिथावणीखोर भाषणांमुळे त्यास जिवाची भीती वाटत होती.' खाली तुमची सही.

दादाला माझी भीती? आदल्या संध्याकाळी, सहा वाजायच्या सुमाराला, त्याचा फोन आला होता. म्हणाला, "छोटे, उद्या मंचाच्या डावीकडे मीच आहे. बोल बिनधास्त. धक्काबुक्की झाली तर सरळ माझ्याकडे यायचं. आणि आमच्याविरुद्धच्या घोषणा जरा सुरात द्या रे, मागच्या वेळी कान किटले." दुसऱ्या दिवशी मंचावरून मी सारखी डावीकडे बघत होते. तिथे दुसराच कुणीतरी होता.

हे मी आमच्या वकिलांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. बंदोबस्तात कोण कुठे उभा आहे हे तो मोर्चेवाल्यांना कळवत होता, असा अर्थ कुणीतरी काढेल. दादाच्या नावाला मी डाग लागू देणार नाही, मग निकाल काय लागायचा तो लागो.

फक्त मला कळू दे. दादाने खरंच ड्यूटी बदलून मागितली होती का?

छोटी

---

शनिवार, ता. १८

छोटी,

आशीर्वाद नंतर. आधी उत्तर.

नाही. दादाने मागितली नव्हती. मी मागितली.

हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. आता लिहिलंय तर पुढचं भराभर लिहितो, नाहीतर पुन्हा पेन खाली ठेवीन.

आदल्या संध्याकाळी बंदोबस्ताची यादी लागली. दादा घरी येऊन मोठ्या फुशारकीने सांगत होता की त्याला मंचाजवळ लावलंय. उद्या लाठी चालवायचा हुकूम सुटला तर हा काय करेल? चालवली तर घर संपलं, नाही चालवली तर नोकरी. तुमच्या दोघांच्या मध्ये ती लाठी मला दिसायला लागली. साडेसातला मी गच्चीवर गेलो आणि चष्मेकाकाला फोन केला. माझ्या जागेवर आता तोच रायटर आहे, याद्या तोच करतो. म्हणालो, याला तिथून काढ, पाण्याच्या टाकीपाशी टाक.

टाकी म्हणजे काय ते तुला ठाऊक नसेल. मोर्चाच्या रस्त्यापासून लांब, झाडाखाली खुर्ची टाकून एकट्याने बसायचं. आमच्याकडे ती आरामाची जागा. कुणाला ताप असला, कुणाची बायको बाळंत झालेली असली, की त्याला टाकीपाशी लावायचं. मीच कितीजणांना लावलंय, आणि त्यांनी माझे पाय धरायचे बाकी ठेवले होते. मी त्याच्यावर उपकार करत होतो, छोटी. मला खरोखर तसंच वाटत होतं.

यादीत बदल केला की कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहावं लागतं. चष्मेकाकाने लिहिलं, 'विनंतीवरून.' कुणाच्या, ते लिहिलं नाही. तशीच पद्धत आहे, आणि ती मी त्याला शिकवली. नवीन होता तेव्हा म्हणालो होतो, "नाव लिहू नये. लिहिलं की उद्या कुणीतरी विचारतं."

मोर्चात चाळीस पोलीस एकत्र होते. टाकीपाशी दादा एकटा. तो माणूस तू बोलायच्या आधीपासून, स्कूटरवरून दोन तास, एकटा पोलीस शोधत हिंडत होता, असं तपासात निघालंय. मंचाजवळूनही गेला. तिथे थांबलासुद्धा नाही. माझा वकील हा कागद दाखल करत नाही.

याहून वाईट पुढे आहे.

त्या दिवशी सकाळी सात चाळीसला दादाचा ठाण्यातून फोन आला. "बाबा, माझी जागा बदलली. तुम्ही सांगितलंत ना काकांना?"

मी म्हणालो, "मी कशाला सांगू? वरून आलं असेल."

"मी तिथे असायला हवं होतं हो. छोटी आहे तिथे."

"मी कुणाला काही सांगितलेलं नाही," मी पुन्हा म्हणालो. चढ्या आवाजात म्हणालो.

तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. माझं आणि त्याचं शेवटचं बोलणं हे. आयुष्यभर मी लोकांचा खोटेपणा पकडला. माझा त्याने त्या सकाळी पकडला होता, आणि बाप म्हणून सोडून दिला.

नंतर वकिलांनी यादी समोर ठेवून विचारलं, "ही विनंती कुणाची?" वहिनी शेजारीच बसली होती. मी म्हणालो, "त्याचीच असेल." असेल म्हणालो. वकिलांनी 'असेल' गाळलं आणि भीतीचं कारण पदरचं जोडलं. टाइप होऊन आलं तेव्हा मी ते सगळं वाचलं, शुद्धलेखनाच्या दोन चुका सुधारल्या आणि सही केली. दादाला भित्रा ठरवणारा कागद मी स्वच्छ करून दिला.

मला कुणीतरी हवं होतं गं. तो मारेकरी मेला होता, त्याच्यावर रागावून भागेना. तू जिवंत होतीस आणि माझं ऐकत नव्हतीस.

तुझ्या त्या वाक्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. वाईट वाक्य होतं. पण दादाला त्या खुर्चीवर तुझ्या वाक्याने बसवलं नाही.

काल दुपारी आईला आणि वहिनीला स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगितलं. वहिनी म्हणाली, "मग वर्षभर मी कुणावर रागावत होते?" ती उठून गच्चीवर गेली आणि दोरीवरचे ओले कपडेच काढून घेऊन आली. आईने गॅस बंद केला. तिने एवढंच विचारलं, "छोटीला कळवलंत?"

चष्मेकाकालाही भेटलो. त्याच्या निवृत्तीला वर्ष राहिलंय, हे उघडं पडलं तर त्यालाही झळ लागेल. तो चष्मा पुसत म्हणाला, "विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, रायटरसाहेब. पण मला कुणी विचारलंच नाही."

दावा मागे घेता येईल. आज वकिलांकडे जाऊन एका अर्जावर सही केली की झालं. मी अर्जाचा मसुदासुद्धा करून पाहिला आणि फाडला. दावा मागे घेतला तरी ते कलम फायलीत तसंच राहील, लोकांच्या तोंडीही राहील. दादा घाबरला होता आणि तू कारण होतीस, असंच. ते ज्याने सही करून सांगितलं त्यानेच सगळ्यांसमोर खोडलं पाहिजे.

पण मी आपणहून बोलेन याची मला खात्री नाही. ठाण्यातले जुने सोबती मागच्या बाकांवर येऊन बसणार आहेत, मला धीर द्यायला म्हणून. वहिनी म्हणाली आहे, "मी येणार, ऐकायला." त्या सगळ्यांच्या देखत माझी जीभ उचलेल असं वाटत नाही. मी भितो, छोटी. आपल्या घरात भित्रा कुणी असेल तर तो मी. विचारलं की मात्र उत्तर द्यायचं, हे अंगात मुरलंय. माझा वकील तो प्रश्न कधीच विचारणार नाही.

म्हणून तुझ्या वकिलांना एका चिठ्ठीवर लिहून दे: 'यादीतला बदल कुणाच्या विनंतीवरून झाला?' मी 'आठवत नाही' म्हणालो तर पुन्हा विचारायला सांग. पाणी मागितलं तर पाणी द्या आणि तिसऱ्यांदा विचारा. म्हातारा आहे, पोरगा गेलाय, म्हणून त्यांना दया आली तर तू येऊ देऊ नकोस. खोटी सही केल्याबद्दल कोर्ट मला जे करायचं ते करील. त्याची तू काळजी करू नकोस.

टपालाने हे पत्र वेळेत पोचणार नाही, म्हणून आई स्वतः घेऊन निघाली आहे. वाचत असशील तेव्हा ती दारातच उभी असेल. तिला आत घे.

आणि सोमवारी पुढच्या बाकावर बस, मला दिसशील अशी.

तुझ्या प्रश्नाची वाट पाहणारा,
बाबा