नव्या सिस्टीमचा धूर

रविवार, ८ जुलै २००७

आधी दुरुस्ती. काल इथे लिहिलं की बाळने मला "भिंतीतून" मारलं. चूक. मध्ये भिंत नव्हती, धूर होता. भिंत हा निळ्याचा शब्द. तो ओरडला आणि मी तसाच उतरवला. आईने पाहिलं असतं तर पान पुन्हा लिहायला लावलं असतं. आमची शाळा म्हणजे मेंढ्यांच्या रानातलं स्वयंपाकघराचं टेबल, आणि शिकवायला तीच. जे पाहिलंस ते आधी लिही, वाटलं ते नंतर!

तर पाहिलं ते असं. शनिवार, स्काउटांचा हॉल, नऊ जणांची नऊ कॉम्प्युटर-मशीन, सगळ्यांवर एकच लढाईचा खेळ. शेवटच्या डावात मी पुलाखाली धुरात दबून बसले होते. मला स्वतःची बंदूकही दिसत नव्हती. बाळ समोरून सरळ चालत आली आणि एका गोळीत मी खलास. मग कोस्टा. मग निळ्या. तिघंही धुरात.

वाटलं ते: तिला आम्ही दिसतो. कसे, ते माहीत नाही.

बाळ म्हणजे नोलीन. वय एकसष्ट. पोलादाच्या कारखान्याच्या कँटीनमधून निवृत्त झालेली, क्लबात सगळ्यांत मोठी, म्हणून बाळ. गार्थचे केस गाजरासारखे लाल, म्हणून तो निळ्या. मी तोंड उघडत नाही, म्हणून बडबडी. आमच्या व्हायल्ला गावात माणसाला असंच उलटं नाव पडतं.

मंगळवार, १० जुलै

हे सगळं मे महिन्यापासून सुरू झालं. मेमध्येच आम्ही आपापल्या मशीनवर नवी सिस्टीम टाकली. बाळ सोडून सगळ्यांनी.

निळ्या तेव्हा महिनाभर एकच सांगत होता — खेळ तोच, पण ही ग्राफिक्स फक्त नव्या सिस्टीमवर. जुनीवर कितीही भारी कार्ड लावा, नाही म्हणजे नाही! कोस्टाने विचारलं, "म्हणजे चांगलं चाललेलं घर सोडायचं, का, तर शेजारच्या खिडकीतून देखावा बरा दिसतो?" आणि दुसऱ्याच दिवशी त्यानेही टाकली.

मी पाण्यासाठी टाकली. कुणाला सांगितलेलं नाही. रानात आमचं तळं बहुतेक वर्षं तडकलेलं असायचं. या खेळातल्या नदीवर सकाळचं ऊन पडतं, आणि तळाचे दगड हलताना दिसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी लढाई सोडून काठावर उभी राहिले. मेले, अर्थात.

बाळ म्हणाली होती, "माझी जुनी चालतेय ना? मी काय त्या पाण्यात पाय बुडवून बसणार आहे?"

शनिवार, १४ जुलै

आज तिने सहा जणांना धुरात मारलं.

हॉलबाहेर निळ्याने मला आणि कोस्टाला थांबवलं. त्याचा चेहरा उतरला होता. "भिंतीपलीकडचं दाखवणारा प्रोग्राम आहे तिच्याकडे. दुसरं काही असूच शकत नाही."

कोस्टा म्हणाला, "बाळकडे? अरे, तिला ई-मेलला फाईल जोडता येत नाही!"

"मग मे महिन्यात एकदम देवी अंगात आली का तिच्या?"

निळ्या दुष्ट नाही, हे लिहून ठेवते. दोन वर्षांपूर्वी आमच्यातलाच एक जण तसला प्रोग्राम वापरताना सापडला आणि ॲडलेडच्या स्पर्धेने अख्ख्या क्लबाला बाहेर काढलं. यंदा कुठे परत घेतलंय. नियम स्पष्ट आहे — असा माणूस बाहेर, कायमचा. पुढच्या शनिवारी मतदान घेऊ म्हणतो.

मी म्हटलं, "तिची स्क्रीन बघूया का आधी?"

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाच्या न्हाणीघरात डोकवायला सांगत होते. दुसऱ्याच्या स्क्रीनकडे बघायचं नाही, हा आमचा पहिला नियम. टेबलंसुद्धा पाठीला पाठ लावून. दुसऱ्याच्या मागून जायचं तर मान खाली घालून जायचं. मीही तशीच जाते.

मी विषय सोडला नि घरी आले.

बुधवार, १८ जुलै

बाळ औषधाच्या दुकानात आली. माझ्याच काउंटरवर. "काय गं बडबडी, आज तर अगदीच बडबडतेयस!" मी तिला डोळ्यांच्या थेंबांऐवजी कानाचे दिले. ती हसली. "मारायचंच असेल तर शनिवारी मार ना, बाई!" मला हसता आलं नाही.

तिचा नवरा, लेस, एप्रिलमध्ये गेला. अंत्यविधीनंतरच्या शनिवारी ती नेहमीसारखी आली होती, सॉसेज रोलचा ट्रे घेऊन. तिला हॉल सोडून जायला दुसरी जागा आहे का, मला माहीत नाही.

शनिवार, २१ जुलै

मतदान झालं नाही. क्रमाने लिहिते.

जुलै म्हणजे आमच्याकडे ऐन थंडी, आणि हॉलमध्ये हीटर चालू असताना किटली लावली की फ्यूज उडतो. म्हणून लावणाऱ्याने आधी "किटली!" असं ओरडायचं, मग कुणीतरी हीटर बंद करतं. आज कोस्टा ओरडायला विसरला. अंधार! शिव्या! फ्यूज बदलल्यावर सगळ्यांची मशीन उठली, माझं उठलं नाही.

बाळ म्हणाली, "माझ्यावर बस. मला पाय मोकळे करायचेत. माझी इज्जत घालवू नकोस."

बसले. डाव सुरू झाला. पुलापाशी कुणीतरी धुराचे डबे फेकले, फुटल्याचा आवाज आला — आणि धूर आलाच नाही. जमिनीलगत दोन-चार करडे पट्टे, बस्स. बाकी उघडं मैदान, दुष्काळातल्या आमच्या रानासारखं. आणि त्याच्या मधोमध कोस्टा. गुडघ्यावर बसलेला, अगदी निश्चिंत. आपण लपलोय या समजात.

मला गोळी घालवेना.

तेवढ्यात मागून बाळ. "अगं, मार की! वाट कसली बघतेस?"

"धूर कुठंय?"

"कसला धूर?"

मी निळ्याला हाक मारली. एवढ्या मोठ्याने मी त्या हॉलमध्ये कधी बोलले नव्हते. तो आला, मान खाली घालून. मी म्हटलं, "वर बघ." मग कोस्टा आला, मग सगळेच. एका स्क्रीनसमोर आम्ही सगळे, पहिल्यांदाच. तो दाट धूर नव्या सिस्टीमशिवाय उमटतच नाही. इतकं साधं! आणि कुणी कुणाच्या स्क्रीनकडे पाहत नसल्याने कुणालाच कळलं नव्हतं.

सगळे हसायला लागले. बाळ हसली नाही. "म्हणजे तुम्हाला मी दिसतच नव्हते?"

"नाही ना!"

"मला वाटलं, लेस गेला म्हणून तुम्ही मला जिंकू देताय. मेपासून मेंढरांसारखे उभेच राहता सगळे. मी म्हटलं, चांगली पोरं आहेत, करू दे. घरी जाऊन रडायचे मी, मूर्खांनो!"

आणि कोस्टाच्या तोंडून निघून गेलं — "आणि आम्हाला वाटलं तू भिंतीतून बघतेस. आज मतदान होतं."

त्याला ते विनोद म्हणून सांगायचं होतं. खरंच.

बाळने कुणाकडे पाहिलं नाही. केबल्स गुंडाळल्या. मशीन उचलायला निळ्या पुढे झाला, तर म्हणाली, "हात लावू नकोस." एकटीने नेलं.

रविवार, २२ जुलै

दिवसभर एकच विचार. नवी सिस्टीम टाकायला हवी होती का?

निळ्या म्हणतो, सगळ्यांनीच टाकावी, म्हणजे सगळे एकाच धुरात. बरोबर आहे. कोस्टा म्हणतो, सगळ्यांनी जुनीवर परत जावं. तेही बरोबर. आणि ज्याची त्याची आवड, असंही म्हणता येतं. पण तसं एकट्याने खेळणाऱ्याला म्हणता येतं. आम्ही एका मैदानात उभे होतो आणि मैदानं दोन होती. मी पाण्याकडे बघत होते तेव्हा ती उघड्यावर चालत होती, आणि मी तिला एकदाही विचारलं नाही, तुला काय दिसतं?

तरीही — ते पाणी सुंदर आहे. ते नाही असं लिहिलं तर खोटं होईल.

शनिवार, २८ जुलै

तिची खुर्ची रिकामी. सॉसेज रोल नाहीत. निळ्या गुरुवारी माफी मागायला गेला होता. जाळीचं दार तिने उघडलं नाही. आतूनच म्हणाली, "तू जा, गाजरा." निळ्यासुद्धा नाही म्हणाली! तो हे सांगताना नाक पुसत होता.

कोस्टाला मात्र तिनेच बोलावलं. नवी सिस्टीम टाकून घ्यायला. म्हणाली, "बघू तरी, कशात लपत होतात ते."

शनिवार, ४ ऑगस्ट

आली! ट्रेसकट. "सरका. आणि ते पाणी चांगलं आहे, मान्य."

सगळे हलके झाले. निळ्याने स्वतः तिच्या केबल्स लावल्या. आता सगळ्यांची सिस्टीम एक, धूर एक.

पुलापाशी धूर. मी त्यात. एक गोळी. मी मेले. मग कोस्टा. मग निळ्या, दोनदा.

निळ्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला, हळूच. मी त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा तोच संशय पाहिला.

गाडीपाशी मी बाळला गाठलं. "कसं मारलंस?"

"हेडफोनमध्ये तुमची पावलं ऐकून. निळ्या चिखलात असल्यासारखा चालतो, तू दोन पावलं टाकून थांबतेस. लेस गेल्यापासून घर इतकं शांत आहे गं, फ्रिजचा श्वाससुद्धा कळतो. आठवडाभर घरी मशीनच्या सैनिकांशी खेळत तेच केलं. धुरात बसायचं नि ऐकायचं."

"मी एकदा मागे उभी राहून बघू? म्हणजे मला सगळ्यांना सांगता येईल."

तिने डिकी लावली. "नको. बघून मग माझ्या बाजूने बोलणार असशील तर नकोच बोलूस."

रविवार, ५ ऑगस्ट

निळ्याचा फोन. यावेळी धुराची सबब नाही म्हणाला. मतदान शनिवारी.

मी तिची स्क्रीन पाहिलेली नाही. पाहणारही नाही.

शनिवारी, ११ ऑगस्टला, मतदानाचे हात वर व्हायच्या आधी — मी उभी राहून तिच्या बाजूने बोलणार.